आप्पांची बरणी आणि बिट्टीची शुगर

जुलैतला रविवार. पुण्यात पहाटेपासून पावसाची झड लागली होती. नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. बिट्टीच्या घरून सूनबाई बोलत होत्या.

"डॉक्टर, बिट्टीनं दोनदा उलटी केली आणि आता नुसती पडून आहे. उभी केली की मागचे पाय लटपटतात. तुमच्या कॅप्सूलची रिॲक्शन आली का हो?"

बिट्टी साडेचार वर्षांची देशी कुत्री आहे. वजन ९ किलो, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी घेतलेल्या, आधीचा काही आजार नाही. पावसाळ्यात पोटाखाली पुवाच्या पुटकुळ्या उठल्या म्हणून तीन दिवसांपूर्वी मी तिला सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक सुरू केलं होतं. २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस. या औषधानं काही कुत्र्यांना मळमळतं, उलटी होते. पण पाय लटपटत नाहीत. गिळतेय का, हाक मारली की बघते का, तोंडातून लाळ गळतेय का, हे मी विचारत होते, तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला. आप्पा म्हणजे सूनबाईंचे सासरे, बावीस वर्षांचे मधुमेही. "फोन दे इकडे," म्हणाले.

"डॉक्टर, ऐका. माझी शुगर उतरली की मी असाच थरथरतो, अस्साच. हिची शुगर उतरलीय."

आप्पा बरोबर होते. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते थोडं त्यांच्यामुळे आणि बरंचसं माझ्या स्वतःच्या एका अर्धवट सल्ल्यामुळे. तो सल्ला पुढे येईलच.

मी सांगितलं, घरात मध असेल तर बोटावर थोडा घ्या आणि तिच्या हिरड्यांना चोळा. शुद्धीत असेल तरच. तोंडात काही ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. आणि लगेच निघा. त्यांनी मोटारीत मागच्या सीटवर बसून वाटभर मध चोळला.

टेबलावर

९ वाजून ३५ मिनिटांनी बिट्टी टेबलावर होती. एरवी दारातूनच शेपटी हलवत येणारी ही पोर टॉवेलात गुंडाळलेल्या गाठोड्यासारखी आली. मान धरवत नव्हती. अंगाचे स्नायू बारीक बारीक थरथरत होते, थंडीनं कुडकुडल्यासारखे. ताप नव्हता, उलट अंग नेहमीपेक्षा किंचित गार. हिरड्या गुलाबी, कुठे रक्तस्राव नाही. डोळ्यांच्या बाहुल्या नेहमीएवढ्या आणि लाळेची धार नाही, म्हणजे गोचिडांचं औषध किंवा कीटकनाशक पोटात गेल्याची शंका मागे पडली. कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं. शुगर ३४.

निरोगी कुत्र्याची शुगर साधारण ७० ते १२० असते. वाटभर मध चोळूनसुद्धा ३४ म्हणजे घरी ती आणखी खाली असणार. आणखी उशीर झाला असता तर आकडी आली असती.

पुढच्या पायात सलाइनची सुई घातली. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं ग्लुकोज, १८ मिली, तेवढ्याच सलाइनमध्ये पातळ करून, हळूहळू दिलं. घट्ट डेक्स्ट्रोज थेट सोडलं तर शीर जळते, म्हणून पातळ करायचं. दहा मिनिटांनी शुगर ११२. बिट्टीनं मान उचलली, आप्पांकडे पाहिलं आणि टेबलावरून उतरायला धडपडू लागली. घरच्यांना वाटलं, झालं, बरी झाली. मला तसं वाटत नव्हतं, कारण शुगर उतरली कशानं हे अजून कळलं नव्हतं.

कशानं?

धट्टीकट्टी, पोटभर खाणारी, साडेचार वर्षांची कुत्री शुगर ३४ घेऊन येते, याची कारणं फार नसतात. स्वादुपिंडाची गाठ असते, पण ती बहुतेक उतारवयात. अंगात जंतुसंसर्ग पसरला तर शुगर उतरते, पण बिट्टीच्या पोटावरच्या पुटकुळ्या सुकत आल्या होत्या. घरात मधुमेही माणूस असेल तर पहिला संशय त्याच्या गोळ्यांवर घ्यायचा असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जमिनीवर पडली आणि कुत्र्यानं चाटली तर नेमकं हेच चित्र दिसतं. मी आप्पांच्या मुलाला घरी पाठवलं. त्यानं पट्टी समोर धरून फोनवर एकेक गोळी मोजली. तारखांचा हिशेब जमला. एकही गोळी कमी नव्हती. आप्पांची सकाळची गोळी आप्पांच्याच पोटात होती.

मग मी सूनबाईंना विचारलं, "सकाळची कॅप्सूल कशातून दिली?"

"पीनट बटरमधून. तुम्हीच सांगितलं होतं ना."

सांगितलं होतं खरं. पहिल्या दिवशी बिट्टीनं कॅप्सूल थुंकून टाकली, तेव्हा मीच म्हटलं होतं, "पीनट बटरमध्ये घोळवून द्या, कळणारही नाही." रोज चार-पाच घरांना मी हे सांगते.

"नेहमीचंच ना?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नेहमीची बरणी काल रात्री संपली. आज बाबांच्यातलं घेतलं."

आप्पांची बरणी अमेरिकेहून आलेली होती. धाकटा मुलगा तिकडे असतो. महिन्यापूर्वी आला तेव्हा बाबांसाठी शुगर-फ्री पीनट बटर घेऊन आला. आप्पांना सकाळी भाकरीबरोबर चमचाभर काहीतरी गोड लागतं, साखर बंद आहे, म्हणून त्यानं जपून निवडून आणलेली ती भेट. घरी गेलेल्या थोरल्यानं बरणीच्या चारही बाजूंचे फोटो पाठवले. पुढच्या बाजूला हिरवं पान, 'साखर घातलेली नाही' आणि 'नैसर्गिक गोडवा'. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, घटकांची ओळ: शेंगदाणे, बर्च शुगर, मीठ.

बर्च हे थंड प्रदेशातलं झाड. त्याच्या लाकडापासून जी गोडी काढतात तिला बर्च शुगर म्हणतात. तिचं दुसरं नाव झायलिटॉल.

माणसासाठी झायलिटॉल उत्तम चीज आहे. साखरेइतकंच गोड, उष्मांक कमी, दात किडत नाहीत, आणि माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन त्यानं फारसं हलत नाही. म्हणून तर मधुमेह्यांच्या खाण्यात ते आलं. कुत्र्याचं शरीर मात्र झायलिटॉलला ग्लुकोजच समजतं, आणि तेही भलतंच जास्त ग्लुकोज. स्वादुपिंड इन्सुलिनचा लोंढा सोडतं. खऱ्या ग्लुकोजला द्यावं त्यापेक्षाही मोठा. रक्तात तर नवी साखर आलेलीच नसते. मग असलेली साखर ते इन्सुलिन भराभर पेशींत ढकलतं आणि अर्ध्या-पाऊण तासात रक्त रिकामं होतं. कुत्र्यांमधली ही इन्सुलिनची उसळी संशोधकांना १९६०च्या दशकापासून माहीत होती. दवाखान्यांत विषबाधा होऊन कुत्री येऊ लागली ती पुढे, झायलिटॉल घरोघरी पोचल्यावर.

बिट्टीला कॅप्सूल ८ वाजून १० मिनिटांनी दिली होती. पहिली उलटी ८:५० ला. वेळ अगदी जुळत होती.

चमच्याचं वजन

यापुढचा प्रश्न होता, किती गेलं? कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅमच्या वर झायलिटॉल गेलं तर शुगर उतरण्याचा धोका असतो. ०.५ ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताच्या पेशी मरण्याचा. दुसरा धोका फार वाईट, कारण तो सुरुवातीला दिसत नाही. शुगर सावरते, कुत्रं जेवतं, घरी जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त गोठेनासं होतं. अमेरिकेत २००६ साली अशा ८ कुत्र्यांच्या नोंदी छापून आल्या. त्यांतली ५ दगावली किंवा हाल पाहून त्यांना कायमचं झोपवावं लागलं.

म्हणून मी थोरल्याला म्हटलं, स्वयंपाकघरात वजनकाटा आहे का? होता, केकसाठी घेतलेला. त्याच चमच्यानं, सूनबाईंनी सकाळी जेवढं काढलं तेवढंच काढा, त्यांना फोनवर दाखवा आणि वजन करा. शीग भरलेला पोह्याचा चमचा, २२ ग्रॅम. बरणीवर लिहिलं होतं: ३२ ग्रॅममध्ये शुगर अल्कोहोल ६ ग्रॅम. शुगर अल्कोहोल हा झायलिटॉलसारख्या गोडव्यांचा गट, आणि दुसरं कुठलंही शुगर अल्कोहोल घटकांत नव्हतं, तेव्हा ते सगळं झायलिटॉलच. २२ ग्रॅममध्ये ४.१ ग्रॅम. भागिले ९ किलो. दर किलोला ०.४६ ग्रॅम.

शुगर उतरायला लागतं त्याच्या चौपटीहून जास्त आणि यकृताच्या रेषेच्या अगदी अलीकडे. चमच्याच्या अंदाजात तीन ग्रॅमची चूक असेल तर रेषेच्या पलीकडे. थोडं उलटीत पडलं असेल, पण झायलिटॉल पोटातून फार लवकर रक्तात जातं, त्यामुळे त्या भरवशावर राहता येत नाही. मी घरच्यांना सांगितलं की आजची रात्र ती इथेच राहील आणि पुढचे तीन दिवस रक्त तपासायचं.

सूनबाईंनी विचारलं, "आता तिला उलटी करवायची नाही का?" नाही. उलटी करवायची ती लक्षणं दिसायच्या आत, शुगर नीट असताना, आणि दवाखान्यात इंजेक्शननं. लटपटणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाते. घरी मिठाचं पाणी तर कधीच पाजू नये. त्यानं रक्तातलं सोडियम चढून दुसरीच विषबाधा होते. कोळशाची पावडरही इथे कामाची नाही, झायलिटॉल तिला नीट चिकटतच नाही.

तीन दिवस

माझी शंका पाऊण तासात खरी ठरली. १०:४५ ला शुगर ५८, तीही २.५ टक्के डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू असताना. इन्सुलिन अजून काम करतच होतं. पुन्हा थोडं डेक्स्ट्रोज, सलाइन ५ टक्क्यांवर. बारा वाजता ८४. पोटॅशियम ३.१ आलं, म्हणजे कमी. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ओढतं, म्हणून तेही सलाइनमधून हळू दिलं. एक वाजता बिट्टीनं भात आणि उकडलेलं चिकन खाल्लं. मग दर तीन तासांनी थोडं थोडं. दर तासाला कानातून एक थेंब रक्त. दुपारी ७६, मग ९१, रात्री नऊला १०४. तेव्हा सलाइन कमी करायला घेतलं. सकाळी सहाला बंद. दहाला ९५, सलाइनशिवाय.

यकृतासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन आणि सॅमई पहिल्याच दिवशी सुरू केलं होतं. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, रविवारी ५२ होती. सोमवारी १८८. मंगळवारी २९६. मंगळवारचा तो आकडा बघताना मला धडकी भरली, खोटं कशाला सांगू. पण प्लेटलेट्स जागेवर होत्या, रक्त गोठायचा वेळ सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही दिवस नॉर्मल आला, बिट्टी खात होती, हिरड्यांवर लाल ठिपके नव्हते. बुधवारी १७१. उतरण सुरू झाली. दहाव्या दिवशी ६३.

आप्पा तिन्ही दिवस सकाळी रक्त काढायच्या वेळी हजर होते. स्वतःच्या खिशातलं ग्लुकोमीटर घेऊन यायचे आणि आकडा ताडून बघायचे. माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्याची शुगर थोडी कमी दाखवतं, कारण त्यांच्या लाल पेशींत आणि रक्तद्रवात ग्लुकोजची वाटणी आपल्यापेक्षा वेगळी असते. आप्पांच्या यंत्रावर ८१ आणि माझ्या यंत्रावर ९५ आले तेव्हा त्यांना हे समजावून सांगावं लागलं. पण अडीअडचणीला घरात तेच असेल तर जरूर वापरावं. ४० आणि ९० यांतला फरक ते नक्की सांगतं.

मग पीनट बटर द्यायचं की नाही?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारतात. पूर्वी मी "चालतं की" म्हणून मोकळी व्हायचे. आता म्हणत नाही. आता मी उलट विचारते: बरणी कोणती, कशासाठी आणि किती?

बरणीचं बघायचं ते मागून, पुढून नाही. घटकांत शेंगदाणे एवढंच असावं. झायलिटॉल, बर्च शुगर, किंवा आपल्याकडच्या लेबलांवर असतो तसा नुसता आकडा ९६७, यांतलं काहीही दिसलं तर ती बरणी कुत्र्याच्या वाटेला जाऊ द्यायची नाही. आपल्या बाजारातल्या बहुतेक पीनट बटरमध्ये गोडीसाठी साखर किंवा गूळ असतो, तो विषारी नाही, फक्त नको असलेला आहे. स्टीव्हिया, सुक्रालोज, एरिथ्रिटॉल, माल्टिटॉल यांनी इन्सुलिनचा हा लोंढा येत नाही. जास्त गेलं तर जुलाब होतात. चॉकलेटची चव असलेलं पीनट बटर मात्र नकोच, त्यातल्या कोकोत कुत्र्यांना बाधणारं थिओब्रोमिन असतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं कुत्री पाळणाऱ्यांना जो इशारा दिला आहे त्यात पीनट बटरचं नाव आहेच, पण शुगर-फ्री च्युइंगम, मिंट, टूथपेस्ट, माउथवॉश यांचंही आहे. आपल्याकडे माझ्या मते मोठा धोका तो. काही च्युइंगमच्या एका गोळीत ग्रॅमभरापर्यंत झायलिटॉल असतं, आणि बिट्टीएवढ्या कुत्रीला एवढं पुरतं. पर्स जमिनीवर ठेवायची सवय मोडा.

आता किती. बिट्टीची प्रकृती सुधारल्यावर मी जरा शांतपणे हिशेब मांडला आणि माझंच मला वाईट वाटलं. पीनट बटर म्हणजे जवळजवळ निम्मं तेल. २२ ग्रॅमच्या चमच्यात साधारण १३० कॅलरी. बिट्टीला दिवसभराला लागतात साडेपाचशेच्या आसपास. खाऊ म्हणून जे काही द्यायचं ते एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांत बसायला हवं, म्हणजे ५५ कॅलरी. सकाळ-संध्याकाळ शीग भरलेला चमचा म्हणजे २६०, दिवसाच्या जेवणाचा जवळजवळ अर्धा वाटा, तोही तेलाचा. १४ दिवस. साधं, निव्वळ शेंगदाण्याचं असतं तरी एवढ्या तेलानं एखाद्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आली असती. आधी हा आजार होऊन गेलेल्या, लठ्ठ किंवा मिनिएचर श्नाउझर जातीच्या कुत्र्याला तर मी पीनट बटर अजिबात देऊ देत नाही. मी "पीनट बटरमधून द्या" म्हणाले आणि माप सांगितलं नाही. कॅप्सूल लपायला वालाच्या दाण्याएवढं पुरतं.

घरी करणं सगळ्यात सोपं. दाणे भाजायचे, सालं पाखडून टाकायची, मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवायचे. मीठ नाही, गूळ नाही. फक्त दाणे निवडून घ्यायचे. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे, जे आपण कूट करताना बाजूला काढतो आणि "कुत्र्याला टाक" म्हणतो, ते कुत्र्याला कधीच नाहीत. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजून पुरतं जात नाही. हे विष जगाला कळलं तेच मुळी शेंगदाण्यामुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, कारण शोधताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत माग निघाला. कुत्र्याचं यकृत या विषापुढे फार नाजूक असतं. २००५ मध्ये अमेरिकेत बुरशी लागलेल्या मक्याचं तयार खाद्य खाऊन शंभरावर कुत्री दगावली होती.

माझ्या दवाखान्यात आता औषधाच्या चिठ्ठीवर, गोळी किती वेळा, या ओळीखाली आणखी एक ओळ असते: कशातून द्यायची आणि केवढ्यातून. उकडलेल्या रताळ्याचा गोळा, भोपळ्याची फोड, पोळीचा मऊ तुकडा, अंड्याचा बलक. पीनट बटर लिहिलंच तर पुढे 'फक्त शेंगदाणे, वालाएवढं' असं.

सूनबाईंना मनाला फार लागलं होतं. बुधवारी रक्त काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी रोज लेबल वाचते हो. बाबांसाठी वाचते. साखर किती, कार्ब किती. ते सगळं बरोबर होतं." ते खरंच होतं. आप्पांसाठी ती बरणी बरोबरच होती आणि आजही आहे. आप्पांनी ती टाकली नाही. झाकणावर मेडिकलची चिकटपट्टी लावून त्यावर निळ्या पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बिट्टीला विष', आणि मसाल्यांच्या वरच्या फळीवर ठेवली.

सेफालेक्सिन आम्ही तीन दिवस थांबवून गुरुवारी पुन्हा सुरू केलं. उरलेल्या कॅप्सूल उकडलेल्या रताळ्यातून गेल्या. पहिल्या दिवशी बिट्टीनं रताळं खाऊन कॅप्सूल जमिनीवर ठेवली, मग गोळा थोडा मोठा करावा लागला. पोटावरची कातडी आता साफ आहे.